एल्फांच्या झाडावरचं हौसाबाईंचं नाव

“एका नावासाठी टेक्स्ट लॉक उघडायचा?” एमानं विचारलं.

एमा म्हणजे आमच्या परदेशातल्या क्लायंटची प्रोड्यूसर. बाई भली, पण शेड्यूलपुढे देवालाही उभं ठेवील. स्क्रीनवर तिच्या मागे लख्ख ऊन होतं. इकडे तळेगावात दिवेलागण झाली होती. माझ्या शेजारी निखिल बसला होता, आमच्या स्टुडिओचा मालक. तो टेबलाखालून पायानं खुणावत होता, की जाऊ द्या, विषय सोडा. आणि काचेच्या दाराबाहेर किसन उभा होता. आमच्या गेममध्ये मेलेल्यांच्या नावांत त्याच्या आईचं नाव होतं, आणि त्याची आई जिवंत होती.

हे असं कसं झालं ते आधी सांगते.

मी जन्मभर प्रुफं तपासली. पुस्तकांची, पत्रिकांची, एकदा तर औषधाच्या खोक्यांचीसुद्धा. छापखान्यांचं काम आटलं तेव्हा निखिलनं मला बोलावलं. त्याचा स्टुडिओ तळेगाव स्टेशनजवळ, खाली डेअरी आणि वर आम्ही. परदेशातले मोबाईल गेम तिथे मराठी-हिंदीत आणतात. माझं पद ‘नॅरेटिव्ह लीड’. म्हणजे गेममध्ये जी जी अक्षरं दिसतात ती माझ्या हाताखालून जाणार, आणि चुकली तर बोलणीही मीच खाणार.

हा गेम एल्फांचा होता. ज्यांच्या घरी नातवंडं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एल्फ म्हणजे टोकदार कानांची, देखणी, जंगलाबिंगलात राहणारी काल्पनिक जमात. परी नव्हे, भूतही नव्हे. असल्या गेममध्ये एल्फांचे तीन-चार वंश असतातच, आणि सगळ्यांत एक गोष्ट सारखी, की ते लवकर मरत नाहीत. आमच्या गेममध्ये गिरिएल्फ हजार वर्षं जगायचे, वनएल्फ सातशे. माणूस आणि एल्फ यांच्या संसारातून झालेली मुलं दीडशेच्या आसपास आटपायची. म्हणजे वनएल्फ आई आपल्या पोरांना, नातवंडांना, पणतवंडांना पोचवून मागे उरायची. हे मूळ इंग्रजीत एका ओळीत, हवामानाचा अंदाज सांगावा तसं लिहिलं होतं.

क्लायंटनं आयुर्मान ठरवून दिलं होतं. नावांचा उगम मात्र प्रत्येक भाषेनं आपापला शोधायचा होता. इंग्रजीत नावं तारे, पहाट, चांदणं यांच्यावरून आलेली. ती मी सरळ मराठीत केली तर चंद्रप्रभा, तारांगण, अरुणोदय अशा लग्नाच्या हॉलांच्या पाट्या तयार झाल्या. निखिल हसून हसून बेजार झाला. गिरिएल्फांना मी वाऱ्यांवरून नावं दिली, तेवढं जमलं. वनएल्फ अडकून बसले.

अशात एक दिवस किसननं एक बग टाकला. किसन आमचा टेस्टर. डिप्लोमा केलेला, कामशेतच्या आत डोंगरावरच्या वाडीतून रोज मोटरसायकलवर येणारा. टेस्टरचं काम गेम खेळून खेळून त्यातल्या चुका काढायचं. चूक म्हणजे बग. त्यानं लिहिलं होतं : ‘वनएल्फ सातशे वर्षं जगतात. मग त्यांच्या मुलांना नावं कुठून मिळतात?’

मी त्याला बोलावलं. “हा कसला बग? मूल झालं की नाव ठेवायचं. झालं.”

“तसं न्हाई मॅडम. आमच्याकडं आज्याचं नाव नातवाला, आजीचं नातीला. पण ती हायेत तवर द्यायचं न्हाई. माणूस गेलं की नाव मोकळं हुतं. मग घरात पुढचं जे पोर यील त्याला. हे लोक मरतच न्हाईत, तर नाव मोकळं कधी हुयाचं?”

जिवंत माणसाचं नाव पोराला देत नाहीत हे मलाही माहीत होतं, आमच्याकडेही तेच. पण त्यासाठी ‘मोकळं’ हा शब्द मी ऐकला नव्हता. मला तो इतका आवडला, की वनएल्फांचं सगळं मी त्याच दिवशी लिहून काढलं. त्यांच्या रानात एक झाड आहे. कुणी गेलं की त्याचं नाव झाडाच्या पानावर उमटतं. बाळ जन्मलं की आई झाडाखाली जाऊन एक पान तोडते, तेच बाळाचं नाव. एका नावाला एका वेळी एकच धनी. क्लायंट खूष झाला. बाकीच्या भाषांनीही हेच घ्यावं असं ठरलं.

आता झाडाला पानं पाहिजेत, म्हणजे नावं पाहिजेत. मी म्हटलं, सगळ्यांनी आपापल्या घरातली जुनी, गेलेल्यांची नावं आणा. निखिलनं पणजीचं आणलं, मी माझ्या मावशीचं दिलं. किसननं आईला फोन लावला. हौसाबाई तेव्हा बांधावर गवत कापत होत्या. त्यांनी तिथूनच वाडीतल्या म्हाताऱ्यांची नावं धडाधड सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, “माजंबी घाल की त्यात. सून पोटुशी हाय. तुज्या झाडावरनं थेट पाळन्यात यील.”

किसन हसला आणि त्यानं तेही नाव टाकलं. डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढणारी बाई. कुणाच्या मनात काय येणार?

दिवाळीनंतर हौसाबाईंना जेवण जाईना. आधी गावातलं औषध झालं, मग कामशेत, मग तळेगावचं मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांनी किसनला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. पोटात कॅन्सर होता आणि पसरला होता.

तोवर आमचा टेक्स्ट लॉक झाला होता. एका तारखेनंतर गेममधलं अक्षर हलवायचं नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही, त्याला टेक्स्ट लॉक म्हणतात. कारण एक शब्द बदलला तरी सगळं पुन्हा तपासावं लागतं.

किसन माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, आईचं पान काढता येईल का?”

मी त्याला खुर्ची पुढे केली.

“माझा तसल्या गोष्टींवर विश्वास न्हाई,” तो घाईनं म्हणाला. “पण रोज टेस्टिंगला ते झाड उघडावं लागतं. काल एका एल्फ बाईनं नेमकं तेच पान तोडलं. रँडम असतं, मला म्हाईत हाय, मीच चेक केलंय. तरी मी फोन खाली ठेवला अन् घरी कॉल केला. आई झोपली होती.”

म्हणून एमाला तो कॉल लावला होता. निखिलची ताकीद होती, की चालीरीतींचं, शकुन-अपशकुनाचं काही बोलायचं नाही, आपली अब्रू जाईल. मलाही त्या बाईपुढे किसनचं काळीज उघडं करायचं नव्हतं. मी म्हटलं, “ते एका खऱ्या, जिवंत व्यक्तीचं नाव आहे. आपण तिला मृत दाखवतोय. घरच्यांची हरकत आहे.”

एमा ताठ बसली. “खरी व्यक्ती? हे आधी का नाही सांगितलं?” दुसऱ्या दिवशी पान गेलं. मायेनं जे उघडलं नसतं ते लीगलच्या भीतीनं उघडलं. किसननं झाड उघडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोला, सारिकाला, मुलगी झाली. पेढे वाटताना त्याचा चेहरा पेढे वाटणाऱ्या माणसाचा नव्हता.

“चुलता म्हणतो, बारसं महिना-दोन महिने पुढं ढकल,” चहा पिताना तो म्हणाला.

“का बरं?”

त्यानं हातातला ग्लास गोल फिरवला. “नाव मोकळं हुईपर्यंत.”

बारसं थांबवायचं म्हणजे आईच्या मरणाची वाट बघत बसायचं. नाही थांबवायचं, तर आईचं नाव घरातून जायचं, कारण पुढं दुसरं मूल होईल का, कुणी सांगावं? चुलता दुष्ट नव्हता. त्याला भावजयीचं नाव घरात राहायला हवं होतं. बहीण मंगलही चुलत्याच्याच बाजूची होती.

“आई खाटेवरून रिकामा पाळणा बघणार,” किसन म्हणाला, “अन् तिला कळणार न्हाई का, आमी कशाला थांबलोय ते? मी बाराव्या दिवशीच करणार. दुसरं नाव ठेवणार. माझी आई कुटं जात न्हाई.”

मला बोलावणं होतं. कामशेतहून रिक्षा करून गेले. शेवटचा चढ पायी. हौसाबाई पडवीत खाटेवर होत्या, दोन गोधड्यांखाली इतक्या बारीक, की आधी मला खाट रिकामीच वाटली. मला पाहून त्यांनी हात वर केला.

“तुमीच का त्या गेमवाल्या बाई? लावलंत बी अन् लगीच कामावरनं काडलंत बी व्हय मला?”

“तुमच्या मुलानं काढायला लावलं,” मी म्हटलं.

“लय भितंय त्ये पोरगं.” त्या जरा थांबल्या, दम घेतला. “भिऊ द्या. मायेनं भितंय.”

मंगल, किसनची थोरली बहीण, इंदुरीला दिलेली. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जाते. बारशाला आत्याचा मान, तेव्हा नाव तिनं सांगायचं. बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ केलं. मग मंगल पाळण्यात वाकली. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ‘कुर्रर्र’ करून ओरडतात. त्या गलक्यात कानातलं काही कुणाला ऐकू येत नाही, यायचंही नसतं. मंगल वर उठली आणि मोठ्यानं म्हणाली, “ईश्वरी!” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, आईचं नाव गेलं म्हणून रडते आहे. हौसाबाई खाटेवरून शांतपणे बघत होत्या. सारिकानं घुगऱ्या नेऊन दिल्या, तर त्यांनी एक दाणा तोंडात धरला, तेवढाच.

महिना पुरा व्हायच्या आत त्या गेल्या. ऑफिसच्या ग्रुपवर किसनचा मेसेज आला, दोन शब्दांचा. मी त्यांना एकदाच भेटले होते. तरी त्या दिवशी मला काम सुधरलं नाही. एकाच ओळीवरून चार वेळा फिरले आणि शेवटी मशीन बंद करून घरी गेले.

तेरावं उरकून किसन कामावर आला. डोक्यावर टोपी, गाल आत गेलेले. दोन दिवस नीट काम केलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसला.

“मॅडम, ते नाव परत टाकता येईल?”

“परत?”

“आता घरात घेणारं कुणी न्हाई. पोरीचं नाव ठेवून झालं. मंगलीची पोरं मोठी झाली. मी हट्ट केला, अन् आईचं नाव वाऱ्यावर गेलं. हितं तरी राहू द्या.”

निखिलनं कपाळाला हात लावला, पण कॉल त्यानंच लावला. मी एमाला म्हटलं, ते काढलेलं नाव पुन्हा घालायचं आहे.

“पण ती खरी व्यक्ती होती ना? जिवंत?”

“हो. आता नाही.”

मग एमानं चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, ती कुणाची कोण होती. मी सांगितलं. झाडाचं, नाव मोकळं होण्याचं, जे निखिलनं सांगू नको म्हटलं होतं ते सगळं सांगितलं. आमची अब्रू वगैरे काही गेली नाही. एमाच म्हणाली, “मग पानावर कशाला? एखाद्या बाळाला द्या.”

असा तो पाळणा झाला. झाडाखाली वेलींचा पाळणा, आत टोकदार कानांचं इवलं बाळ. बोट लावलं की माहिती उघडायची. ‘वंश : वनएल्फ. नाव : हौसा. आयुर्मान : सातशे वर्षं.’ किसन तो पाळणा गरजेपेक्षा जास्त वेळा टेस्ट करायचा. आम्ही काही बोलत नसू.

त्यानं मंगलला दाखवायला आणलं तो शनिवार होता, दुपारची वेळ. ती पॉलिहाऊसमधून परस्पर आली होती, हातात पेपरात गुंडाळलेले गुलाब. ते तिनं मला दिले. किसननं फोन तिच्यापुढे धरला. “बघ. आई हाय हितं. सातशे वर्सं कुटं जात न्हाई.”

मंगलनं बघितलं. नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

“काड त्ये.”

“का गं?”

“दोन जागी झालं. काड म्हनते ना.”

“दोन जागी कसं? घरात कुणाचं हाय हे नाव?”

मंगल खुर्चीत बसली. “पोरीचं. मी कानात ईश्वरी न्हाई सांगितलं. हौसा सांगितलं.”

किसनला कळेना. मलाही कळायला वेळ लागला.

“आईनंच सांगितल्यालं, आदल्या दिशी. म्हनली, किसन्याला काय ठिवायचं त्ये ठिवू दी, वरडून त्येच सांग. कानात माजं सांग. मी न्हाई म्हनले. म्हनले, तू हायेस की अजून. तर म्हनती, मी निगालीच हाय, पोरीचं नाव हुकंल. आईचं येवडं आयकत न्हाईस व्हय?” तिनं पदरानं तोंड दाबलं. “मी सांगितलं, अन् ती गेली. महिनाबी न्हाई काडला. ती हाय तवर मी तिचं नाव दुसऱ्याला दिलं. मीच मारली तिला, किसन्या.”

किसन तिच्या शेजारी खाली जमिनीवरच बसला. “मला वाटत हुतं मी मारली,” तो म्हणाला. “गेममधी मेलेल्यांत घालून.”

इतके दिवस दोघं एकाच दुःखात होती, एकाच घरात जेवली-रडली होती, आणि दोघांनी आपापला गुन्हा एकमेकांपासून लपवून ठेवला होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, अरे बाबांनो, कॅन्सर पानावरचं वाचत नाही आणि कानातलं ऐकत नाही. दोघांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, मी वडीलधारी म्हणून.

मग किसन हळूच म्हणाला, “म्हंजे आईला ठावं हुतं.”

“व्हय.”

“मी बारसं येळेवर केलं, तिला वाटावं म्हणून, की तिला काय हुत न्हाई. तिनं पाळन्याकडं कसं बघितलं, तू बघितलंस ना? मला वाटलं, तिला पटलं.”

“तिला ठावं हुतं रं. तुज्यासाठी गप बसली.”

तेव्हा तो रडला. तेराव्याला रडला नव्हता, असं मंगलनं मला नंतर सांगितलं. निखिल काही तरी विचारायला आत आला, त्यानं खाली बसलेल्या किसनला पाहिलं आणि उलट्या पावली खालच्या डेअरीत चहा सांगायला गेला.

चहा झाल्यावर किसननं तोंड धुतलं. “मॅडम, ते नाव काढावं लागंल,” तो म्हणाला. “गुंतलंय.”

एकाच नावासाठी तिसरी चेंज रिक्वेस्ट. त्यात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं : ‘नाव वापरात आहे.’ एमानं यावेळी एकही प्रश्न विचारला नाही.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच, की काल्पनिक लोकांसाठी एखादा नियम उसना घेतला, तरी ज्याच्या घरून घेतला त्याच्या घरात तो चालूच असतो. लॉक आपल्या टेक्स्टला लागतो, त्याच्या घराला नाही.

ईश्वरी आता रांगते. मंगल आली की तिला ‘हौसे’ म्हणून हाक मारते, आणि पोर मान वळवून बघते. सारिकाला सगळं माहीत आहे. तिनं सासूचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही, म्हणून ती ईश्वरीच म्हणते.

गेममधला पाळणा तसाच आहे. बाळ आहे, आयुर्मान सातशे वर्षं आहे, नावाच्या जागी काही नाही. खेळणारी मुलं अधूनमधून कळवतात, की या एल्फचं नाव दिसत नाही, बग आहे. त्यांना उत्तर द्यायचं काम किसनचं. तो दर वेळी एकच उत्तर लिहितो : ‘बग नाही. बारसं व्हायचं आहे.’